आखूड पत्ते

"पेशंटला कळतं का?" मेडिकलवाल्या रविराजने मला विचारलं. त्याच्या दोन हातांत दोन पुडे होते. त्याचा हेतू वाईट नव्हता. कळत असेल तर पँटसारखं चढवायचं डायपर बरं पडतं, कळत नसेल तर चिकटपट्टीचं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. माझ्यामागे भिंगारच्या बाजारातली सोमवारची गर्दी, कुणीतरी खोकल्याचं औषध मागतंय, मिलिटरीचा एक ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडकून हॉर्न देतोय, आणि मी नुसती त्या दोन पुड्यांकडे बघतेय. मला ऑफिसात तोंडाळ म्हणतात. साहेब लोकांच्या फायलींवर उलटे शेरे मारणारी भार्गवी म्हणून छावणीतल्या निम्म्या कचेऱ्या मला ओळखतात. आणि मला एका डायपरच्या पुड्यासमोर हो की नाही ते सांगता येईना. चार महिने हाच प्रश्न आमच्या घरात फिरत होता, पण इतका सरळ कुणी विचारला नव्हता. डॉक्टर 'आकलन' म्हणायचे, माझा भाऊ धवल 'रिस्पॉन्स' म्हणायचा, शेजारचे "ओळखतात का हो?" एवढंच विचारून मान हलवायचे. मी दोन्ही पुडे उचलले आणि चालू लागले. घरी पोचेपर्यंत रागाने माझे कान गरम झाले होते. राग रविराजचा नव्हता. माझ्याकडे साधा एक 'हो' नव्हता, त्याचा होता.

पेशंट म्हणजे नाना, माझे वडील. श्रावणात त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलणं म्हणजे नुसता आवाज नाही; डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे शब्दांचं कोठारच कुलूपबंद झालं, बाहेरचं आत जात नाही आणि आतलं बाहेर येत नाही. त्यापलीकडे आत काय शिल्लक आहे, हे सांगता येणार नाही म्हणाले. मग एक बाई चित्रांची पुठ्ठ्याची कार्डं घेऊन आल्या. "आजोबा, चेंडू कुठंय? दाखवा बरं चेंडू." नानांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मीही सगळ्यांसारखी त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलत राहिले, जसं काही आवाज चढवला की कुलूप उघडणार होतं. त्या सोमवारी संध्याकाळी धवलचा पुण्याहून फोन आला की तिथल्या पेशंट सांभाळणाऱ्या केंद्रात एक पलंग रिकामा झालाय, रविवारी गाडी घेऊन येतो. धवल वाईट मुलगा नाही. दर पंधरा दिवसांनी येतो, नानांची नखं कापतो. म्हणाला, "ताई, त्यांना कळत नाही. मग इथं काय आणि तिथं काय? निदान तू तरी उभी राहशील." मी म्हटलं, कळतं. तो म्हणाला, तुला वाटतं. मी म्हटलं, रविवारी दाखवते. तो म्हणाला, दाखव, मग मी पुन्हा विषय काढणार नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की कसं दाखवणार ते मला ठाऊकच नव्हतं. सहा दिवस होते.

नाना मोजणी खात्यात होते. शेवगाव तालुक्यातल्या अर्ध्याअधिक बांधांवरून त्यांची साखळी फिरलेली. कोणी बांध कोरला, कोणी हद्दीचा दगड सरकवला, हे त्यांना नकाशा उलगडायच्या आधीच दिसायचं. शेताच्या कोपऱ्यावर उभे राहून एक डोळा बारीक करायचे, बस. एकदा सुट्टीत मला बरोबर नेलं होतं, मी सातवीत असेन. कारभारी नावाचा एक शेतकरी होता, त्याने दगड सरकवून वर त्याला शेंदूर फासून ठेवला होता, नारळबिरळ फोडून. म्हणजे आता कुणाची टाप आहे हात लावायची. म्हणाला, "सायेब, देव हाय त्यो. देवाला कसं हलवायचं?" नानांनी चपला काढल्या, दगडाला मनोभावे नमस्कार केला आणि म्हणाले, "देव खरा आहे, कारभारी. पण दोन हात सरकलाय. ज्याने आणला त्यानेच परत नेऊन बसवावा." कारभारीसुद्धा हसला. पकडलं जाण्यात अपमान वाटू नये अशी त्यांची पकडायची तऱ्हा होती. निदान परक्यांना तरी. मला मात्र अपमान वाटायचा, दर वेळी वाटायचा, कारण मी चौदाव्या वर्षापासून पत्त्यांची जादू करायला लागले आणि या माणसाने माझी एकही जादू कधी सुखाने होऊ दिली नाही. रविवारी दुपारी मेंढीकोटचा डाव मोडला की मी कॅट हातात घ्यायची. आई टाळ्या वाजवायची, धवल तोंड उघडं टाकून बघायचा, आणि नाना म्हणायचे, "डाव्या हाताच्या तळव्यात आहे. परत कर." शाबासकी नाही, हसू नाही. परत कर. मी आतल्या खोलीत जाऊन रडायची आणि आरशासमोर परत करायची. आज छावणीच्या कार्यक्रमांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत लोक माझ्या बोटांकडे बघत बसतात, ती सफाई त्या दोन शब्दांची आहे. पण त्यांना मी कधी फसवू शकले नाही, हेही तितकंच खरं. आणि आता फसवायचं म्हटलं तर फसायला तरी ते जागेवर होते का?

तर मी ठरवलं की पत्तेच दाखवायचे. यात भावनेपेक्षा हिशेब जास्त होता. शब्द आत जात नसतील तर बिनशब्दांचं काहीतरी हवं. माझ्या नेहमीच्या जादू त्या दृष्टीने निकामी होत्या. एक पत्ता काढा, लक्षात ठेवा, परत घाला, हे सगळं बोलण्यावर चालतं. चौकट नव्वी लक्षात ठेवायला 'चौकट नव्वी' हे शब्द तर डोक्यात हवेत. मला डोळ्यांदेखत घडणारं हवं होतं, हातभर अंतरावर, तोंड न उघडता. आणि तसं चोख काही हवं असेल तर साधा कॅट पुरत नाही, बनावट कॅट लागतो. मी वीस वर्षं बनावट कॅटला हात लावला नाही. म्हणजे विकत घेतले, शिकले, आणि कपाटाच्या खालच्या खणात टाकून दिले. ज्याला बोटं नाहीत त्याने ते वापरावेत असं मी चारचौघांत म्हणत आले आहे, जरा जास्तच मोठ्याने. मंगळवारी अर्धी रजा टाकून तो खण उपसला. एका कॅटमध्ये पत्त्याला मागून एक झडप आहे. बोट फिरवलं की चौकटचा राजा बघता बघता किलवरची दुर्री होतो. दुसऱ्यात सगळे पत्ते कोरे दाखवता येतात आणि फुंकर मारली की छापलेले. खाली तळाशी तिसरा होता, मढीच्या जत्रेतला, आखूड पत्त्यांचा. त्यात एकाआड एक पत्ता बदाम राणी, आणि त्या सव्वीस राण्या बाकीच्यांपेक्षा केसभर आखूड. एका बाजूने अंगठ्याने फर्र केलं तर सगळे पत्ते वेगवेगळे, दुसऱ्या बाजूने केलं तर राण्याच राण्या. शाळकरी पोरंही हल्ली मोबाईलवर बघून ओळखतात. तो मी तिथेच ठेवला.

झडपेचा पत्ता मी मंगळवारी आणि बुधवारी मिळून किती वेळा केला ते विचारू नका. नानांच्या पलंगाशी स्टूल ओढलं, गुडघ्यावर काळं कापड, डावीकडून उजेड. राजा, बोट, दुर्री. असा सुरेख बदल की माझा मलाच हेवा वाटावा. नानांचं सगळं करायला येणाऱ्या राहीबाई शिंगणापूरकडच्या, अंगाने धिप्पाड, एकटीने त्यांना कुशीवर वळवतात. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या की ताई, हे लई वंगाळ हाय, म्या पुन्यांदा बघनार न्हाई, आणि तिथेच उभ्या राहून पाच वेळा बघितलं. नाना पंख्याकडे बघत होते. एकदा पत्त्याकडे बघितलं, जसं भिंतीकडे बघतात तसं, आणि पुन्हा पंख्याकडे. गुरुवारी कोरे पत्ते केले. त्यांनी जांभई दिली. मला सांगायला लाज वाटते, पण त्या जांभईने मी एवढी खचले की स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. वाटलं, धवल खरा. आत कुणी नाही. मी आपली रिकाम्या घराची कडी वाजवत बसले आहे.

राहीबाई मागून भांडी ठेवायला आल्या. माझं तोंड बघून त्या म्हणाल्या की बाबा काय पत्त्यांवर रागवलेत का, दिवाळीत पन पोरीच्या अंगावर फेकले हुते. दिवाळीत धवलची मुलगी ईरा नानांशी बदाम सात खेळायला बसली होती. त्यांचे पत्ते उशीवर उभे करून ठेवले होते, ते डाव्या हाताने ओढायचे. आम्ही सगळ्यांनी ईराला डोळ्यांनी खुणावलं होतं, आजोबांना जिंकू दे. मोठ्या माणसाचा मान, आजारपण, वर्षाचा सण. पोरगी शहाणी, तिने दाबून ठेवायचा छक्का सोडून दिला आणि नको तो पत्ता टाकला, दोनदा, तीनदा. आणि अचानक नानांनी हात फिरवून सगळा डाव जमिनीवर उधळला. ईरा रडली. धवल म्हणाला, बघ, त्यांना पत्तेसुद्धा ओळखू येत नाहीत आता. मीही मान हलवली होती. ओट्याशी उभी राहून मी ते सगळं पुन्हा पाहिलं, सावकाश. त्यांना पत्ते ओळखू आले होते. पोरगी मुद्दाम हरते आहे, हे त्यांनी पकडलं होतं. आम्ही मान ठेवायला म्हणून लबाडी केली आणि त्यांनी ती उधळून दिली, आणि आम्ही सातजण मिळून त्याला वेड म्हणालो. मला इतका आनंद झाला आणि इतकी स्वतःची चीड आली, की राहीबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून हसले. त्या म्हणाल्या, च्या टाकू का?

मग मी तीन दिवस काय मूर्खपणा करत होते ते उघड होतं. मी त्यांना थक्क करायला निघाले होते. हा माणूस आयुष्यात कधी थक्क झाला नाही. त्याला थक्क करून काय सिद्ध होणार, दगडसुद्धा थक्क झाल्यासारखा दिसतो. झडपेची ती सुंदर जादू त्यांना भिंत वाटली, कारण तिच्यात पकडण्याजोगी फटच नव्हती. मला फट हवी होती. त्यांना पकडता येईल अशी, आणि एका डाव्या हाताने पकडून धवलला दाखवता येईल अशी चोरी मला निवडायची होती. मी खालचा खण पुन्हा उघडला आणि जत्रेतला आखूड कॅट बाहेर काढला. लांबी. ज्या माणसाने तीस वर्षं लांबीवर काढली, त्याच्यासमोर लांबीतली लबाडी. इतकं सोपं होतं ते.

पण केसभर फरक बोटाला कळतो, चार महिने अंथरुणावर असलेल्या बोटाला कळेलच असं नाही. शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर मी कात्री घेतली आणि सव्वीसच्या सव्वीस राण्या आणखी कापल्या, चांगल्या दोन सूत, कडा वेड्यावाकड्या ठेवून. बांध कोरल्यासारख्या. कापताना हात दुखला आणि खरं सांगायचं तर जीवही दुखला, कारण असा कॅट माझ्या हातात कुणी पाहिला तर मी पुन्हा कुठल्या शाळेत तोंड दाखवू नये. त्याहून अवघड होतं ते वाईट करणं. माझी बोटं आपोआप सगळं झाकतात. कोन बदलतात, सावलीत जातात, तीस वर्षांची सवय. शनिवारचा अख्खा दिवस मी आरशासमोर बसून हळू करायला शिकले, अडखळायला शिकले, कॅटची कड त्यांच्या डोळ्यांसमोर उघडी धरायला शिकले. नानांसमोर मात्र एकदाही केलं नाही. धवल नसताना पकडलं तर तो विश्वास ठेवणार नाही, आणि एकदा पकडलेली जादू नाना दुसऱ्यांदा बघत नसत. म्हणजे एकच संधी. राहीबाई म्हणाल्या की आधी एकदा करून तर बघा. मी नाही म्हटलं. मला भीती वाटत होती, पण दुसरा रस्ता नव्हता आणि मला तो नकोही होता.

रविवारी अकराला धवल आला. नानांची नखं कापली, मोठ्याने हवापाण्याचं बोलला. केंद्राचा अर्ज त्याच्या पिशवीतून डोकावत होता. मी काही न बोलता स्टूल ओढलं, पलंगावरचं जेवायचं टेबल पुढे घेतलं. धवल पायथ्याशी उभा राहिला, हातांची घडी घालून. राहीबाई दाराशी. मी कॅट नानांच्या तोंडासमोर फर्र केला, सगळे पत्ते वेगवेगळे. पुन्हा केला, बदाम राणी, बदाम राणी, बदाम राणी. नानांचे डोळे पंख्यावरून खाली आले. मी परत केलं, आणखी हळू. त्यांचा डावा डोळा जरा बारीक झाला. माझं काळीज असं काही उडायला लागलं की अडखळायचं नाटक करावंच लागलं नाही. तिसऱ्यांदा मी अर्ध्यावर होते, तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि कॅट माझ्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही, मोजणीला आलेला माणूस शेतकऱ्याच्या हातातून सातबाराचा कागद घेतो तसा घेतला. टेबलावर उभा आपटून कडा सारख्या केल्या. कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग कॅट दोन टोकांना सैलसा धरला, टेबलाच्या वर उचलला आणि हलवला. आखूड पत्ते मधून निसटून पडायला लागले. राण्या, एकामागून एक, टेबलावर, चादरीवर, दोन-चार खाली फरशीवर. लांब पत्ते त्यांच्या चिमटीत तसेच राहिले. इतकी सुंदर जादू मी आजवर पाहिलेली नाही.

"व्हय की," राहीबाई म्हणाल्या. धवलच्या हातांची घडी सुटली होती. मी रडत होते आणि मला त्याची पर्वा नव्हती. चार महिन्यांनी मला माझा 'हो' मिळाला होता. धवल पलंगाच्या कडेवर बसला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे ताई, आपण यांच्यासमोर जे बोललो..." माझं रडं तिथल्या तिथे थांबलं. या खोलीत, या स्टुलावर बसून मी मैत्रिणीला फोनवर काय काय म्हटलं होतं. माझं आयुष्य गेलं म्हटलं होतं. एकदाचे सुटले असते तर दोघांचंही भलं झालं असतं, असंही म्हटलं होतं, भाद्रपदात. शब्द कळले नसतील, मी स्वतःला सांगितलं. पण तोंड? ज्याला आखूड पत्ता कळतो त्याला आपल्या मुलीचं तोंड कळत नसेल? नाना आमच्या दोघांकडे बघत होते, आळीपाळीने, आणि चिमटीतले पत्ते त्यांनी अजून सोडले नव्हते.

धवल माझ्यापेक्षा सरळ माणूस आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने मोबाईल काढला. पलंगाचा, नानांचा आणि स्टुलावर बसलेल्या माझा एक फोटो काढला, आणि तो टेबलावर नानांच्या पुढ्यात ठेवला. मग माझा मोबाईल मागून घेतला, त्यावर त्यानेच मला पाठवलेला, केंद्रातल्या त्या रिकाम्या पलंगाचा फोटो उघडला, खिडकी आणि बाहेर लिंबाचं झाड असलेला, आणि शेजारी ठेवला. काही बोलला नाही. नानांच्या छातीवर बोट ठेवलं, मग एका फोटोवर, मग दुसऱ्यावर. हे त्यांना विचारायला हवं, असं मला चार महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. मी जिंकलेलीच होते, त्यामुळे मी निर्धास्त होते. नानांनी पत्ते बाजूला ठेवले. दोन्ही फोटो बघितले. मग वर बघितलं, माझ्या तोंडाकडे, माझ्या कात्रीने सोलवटलेल्या अंगठ्याकडे, पुन्हा तोंडाकडे. अगदी सावकाश बघितलं, काही सुटू नये असं. आणि खिडकीच्या पलंगावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, बोट चुकून पडलं, अदलाबदल कर. धवलने मोबाईलची अदलाबदल केली. नानांनी हात आडवा नेला आणि पुन्हा खिडकीवरच ठेवला. या वेळी बोट उचललं नाही. धवलने मान फिरवली. राहीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी ते बोट बघत होते, नीट कापलेल्या नखाचं, जराही न थरथरणारं.

"त्यांना कळत नाहीये, धवल," मी म्हणाले. "त्यांना काही कळत नाही."

नाना माझ्याकडे बघत होते.